तिला काय ठाऊक आहे? : गुप्तहेरकथेतील स्त्रीपात्रे

गुप्तहेरकथेतील स्त्रीपात्रांची चर्चा बहुतेक वेळा त्यांच्या पेहरावावरून किंवा हातातल्या पिस्तुलावरून होते. नायकाच्या मिठीत विसावणारी सुंदरी गेली आणि तिच्या जागी चार पुरुषांना लोळवणारी नायिका आली, एवढ्यावरून चित्रण बदलल्याचा निष्कर्ष काढला जातो. तो अपुरा आहे. या कथाप्रकारात मारामारी दुय्यम असते, खरा व्यवहार माहितीचा असतो. कोणाला काय ठाऊक आहे, कोणापासून काय दडवले आहे आणि वाचकाला त्यातले केव्हा किती कळते, यावर सारे कथानक उभे राहते. त्यामुळे एखाद्या कादंबरीतील स्त्रीचे स्थान जोखायचे तर तिला काय ठाऊक आहे आणि त्याचे ती काय करते, हे पाहावे लागते. या कसोटीवर गेल्या सव्वाशे वर्षांचा आलेख सरळ चढत गेलेला दिसत नाही. १९२० च्या आसपासची काही पात्रे १९६० च्या दशकातील गाजलेल्या नायिकांपेक्षा पुढची ठरतात.

हेरगिरी करणारी स्त्री साहित्याला नवी नाही. विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक वेषांतर केलेले हेर, बनावट पत्र आणि हाती लागलेली मुद्रा यांवरच चालते. चंद्रगुप्ताला मारण्यासाठी अमात्य राक्षसाने पाठवलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो, हा त्यातील प्रसिद्ध प्रसंग. पण ही विषकन्या रंगमंचावर येत नाही, तिला नाव नाही, आणि आपण कोणाच्या डावातले हत्यार आहोत याबद्दल तिचे मतही कोणी विचारत नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील स्त्री-हेर अगदी वेगळी आहे. तिथे गुप्तचरांच्या प्रकारांमध्ये परिव्राजिका येते : गरीब, विधवा, धीट, पोटाच्या सोयीसाठी काम शोधणारी ब्राह्मण स्त्री, जिला अंतःपुरात मान असतो आणि म्हणून अमात्यांच्या घरी सहज जाता येते. राज्य चालवण्याचे पुस्तक लिहिणाऱ्याला जी उपयोगी वाटली ती दारोदार फिरणारी बाई. लोकांच्या स्मरणात राहिली ती मात्र विषकन्या. प्रत्यक्ष हेरखाते आणि हेरकथा यांच्यातील हीच तफावत पुढे युरोपातही दिसते.

पाश्चात्त्य गुप्तहेर कादंबरीने आकार घेतला तो पहिल्या महायुद्धापूर्वीच्या दशकात, जर्मनी ब्रिटनवर चालून येणार या धास्तीच्या वातावरणात. अर्स्किन चिल्डर्स यांची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ (१९०३) ही त्यातली पायाभूत कादंबरी. दोन इंग्रज तरुण शिडाच्या छोट्या बोटीतून जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील वाळूच्या दांड्यांमधून हिंडतात आणि आक्रमणाच्या तयारीचा माग काढतात. भरती-ओहोटी, पाण्याची खोली, धुके यांचे तपशील फार बारकाईने दिलेले आहेत. या पुरुषी साहसात क्लारा डॉलमन ही एकच तरुणी आहे. तिचा बाप जर्मन म्हणून वावरणारा इंग्रज फितूर असतो आणि तो नेमके काय करतो आहे, हे तिला पुरते माहीत नसते. ही मुलगी आपण कथेत ओढूनताणून घातली आणि आता तिचा नुसता ताप झाला आहे, अशा अर्थाची कबुली चिल्डर्स यांनी एका मित्राला पत्रातून दिली होती. वाचकालाही ते जाणवते. क्लारा आली की बोट थांबते.

जॉन बकन यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’मध्ये (१९१५) तर लक्षात राहील असे स्त्रीपात्रच नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९३५ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला तेव्हा त्यांना दोन स्त्रिया नव्याने निर्माण कराव्या लागल्या. त्याच बकन यांनी ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’नंतर चार वर्षांनी ‘मिस्टर स्टँडफास्ट’मध्ये मेरी लॅमिंग्टन उभी केली. दवाखान्यात परिचारिका म्हणून वावरणारी ही कोवळी मुलगी गुप्तचर खात्यासाठी काम करते, आणि नायक रिचर्ड हॅने याला पुढचे आदेश तिच्याच तोंडून मिळतात. ‘द थ्री होस्टेजेस’मध्ये (१९२४) मेरी हॅनेची पत्नी आणि एका मुलाची आई झालेली आहे. तरीही ती नवऱ्याला न सांगता वेषांतर करून तपासात उतरते, आणि तिला एका नाचघरात पाहून हॅने थक्क होतो. बकन यांच्या लेखनातील साम्राज्यवाद आणि वंशाभिमान आज पचणे कठीण आहे. पण बायकोला नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असू शकते, हे त्यांच्या कथेने शंभर वर्षांपूर्वी मान्य केले होते.

ही वाट पुढे रुंद झाली नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे माताहारी. मार्गारेटा झेले हे तिचे खरे नाव, जन्म १८७६ चा, नेदरलँड्समधील लेउवार्डनचा. डच वसाहतीत, जावा बेटावर काही वर्षे राहून आल्यानंतर तिने पॅरिसमध्ये पौर्वात्य मंदिर-नर्तकीचे सोंग उभे केले आणि ते तुफान चालले. जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून फ्रान्सने तिला १५ ऑक्टोबर १९१७ रोजी व्हॅन्सेन येथे गोळ्या घातल्या. तिने जर्मनांना महत्त्वाचे असे फारसे काही दिले नाही, असेच बहुतेक इतिहासकार आज मानतात. युद्धातील अपयशाने गांजलेल्या फ्रान्सला एक बळीचा बकरा हवा होता आणि परदेशी, घटस्फोटित, अनेक अधिकाऱ्यांशी संबंध असलेली नर्तकी त्यासाठी सोयीची होती. चित्रपटाने ही प्रतिमा पक्की केली. १९३१ या एकाच वर्षात ग्रेटा गार्बोचा ‘माताहारी’ आणि मार्लेन डिट्रिचचा ‘डिसऑनर्ड’ असे दोन चित्रपट आले. दोन्हींत सुंदर हेर प्रेमात पडते आणि शेवटी गोळीबार पथकासमोर उभी राहते.

पहिल्या महायुद्धातच लुईझ द बेतिन्यी या फ्रेंच स्त्रीने ‘ॲलिस दुब्वा’ हे नाव घेऊन लील शहराच्या परिसरात ब्रिटिशांसाठी मोठे हेरजाळे चालवले. जर्मन सैन्याच्या हालचाली, तोफांच्या जागा, रेल्वेगाड्या यांची माहिती ती सीमेपार पोहोचवत असे. तिला पकडण्यात आले आणि सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीत कैदेतच तिचा मृत्यू झाला. माताहारीपेक्षा तिचे काम कितीतरी मोलाचे होते. इंग्रजीतील लोकप्रिय कादंबरीत तिचे जाळे ठळकपणे अवतरले ते केट क्विन यांच्या ‘द ॲलिस नेटवर्क’मध्ये, म्हणजे २०१७ साली.

प्रत्यक्ष हेरखात्यात काम केलेल्या लेखकांनी या मोहिनी-प्रतिमेला छेद दिला का? सॉमरसेट मॉम यांच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये होते आणि त्या अनुभवावर ‘ॲशेंडेन’ (१९२८) हा कथासंग्रह आधारलेला आहे. त्यातील जुलिया लाझारीची कथा भारतीय वाचकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. चंद्रलाल हा बर्लिनमधून काम करणारा भारतीय क्रांतिकारक ब्रिटिशांना हवा असतो. हे पात्र सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावर बेतलेले मानले जाते. चंद्रलालचे जुलिया या नर्तकीवर प्रेम आहे. तुरुंगाची भीती घालून तिच्याकडून त्याला पत्रे लिहवून घेतली जातात आणि सीमेवरील सरोवराच्या पलीकडे फ्रान्सच्या हद्दीत, तोनों गावी, त्याला बोलावले जाते. सापडल्यावर तो विष घेतो. सगळे संपल्यावर जुलिया विचारते ते त्याच्या घड्याळाबद्दल : नाताळात तिनेच दिलेले, बारा पौंडांचे घड्याळ परत मिळेल का? मॉम यावर भाष्य करत नाहीत. जुलिया आमिष आहे, पण ती कोणाला मोहात पाडत नाही. तिला पिळले जाते, आणि पिळणारा आहे कथेचा नायक. मोहिनीच्या मागे खाते उभे असते, हे इतक्या कोरडेपणाने त्यापूर्वी क्वचितच लिहिले गेले होते.

ॲगाथा ख्रिस्ती यांचे नाव हेरकथेच्या संदर्भात फारसे घेतले जात नाही, तो अन्याय आहे. ‘द सीक्रेट ॲडव्हर्सरी’ (१९२२) या त्यांच्या दुसऱ्याच कादंबरीत टॉमी आणि टपेन्स ही जोडी येते. दोघेही युद्धातून परतलेले बेकार तरुण, आणि कल्पना लढवण्यात टपेन्स बहुधा एक पाऊल पुढे. ‘एन ऑर एम?’मध्ये (१९४१) दोघे मध्यमवयीन झाले आहेत. दुसऱ्या महायुद्धात सरकारला टॉमी हवा आहे, त्याची बायको नको आहे. अधिकारी टॉमीला कामगिरी सांगत असताना टपेन्स बाहेर जाण्याचा बहाणा करते आणि सारे चोरून ऐकते. टॉमी समुद्रकाठच्या एका खाणावळवजा निवासात पोहोचतो तेव्हा मिसेस ब्लेंकेन्सॉप या नावाने ती आधीच तिथे विणकाम करत बसलेली असते. लहान मुलीला घेऊन राहणारी, कोणाच्या नजरेत न भरणारी आई हीच शत्रूची हेर निघते, हा त्याच कादंबरीतील दुसरा तडाखा. बायकांकडे कोणी नीट पाहत नाही, या एकाच गोष्टीचा फायदा इथे दोन्ही बाजूंच्या बायका उठवतात. हिचकॉक यांच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’मधील (१९३८) मिस फ्रॉय ही म्हातारी शिक्षिकाही याच जातीची. ती एका धुनेतून गुप्त मजकूर नेत असते. एथेल लिना व्हाइट यांच्या मूळ कादंबरीत ती हेर नव्हती. तिला हेर केले ते चित्रपटाने.

दुसऱ्या महायुद्धात वास्तव कल्पनेच्या बरेच पुढे गेले. १९४० मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या संघटनेच्या फ्रान्स विभागाने सुमारे चाळीस स्त्रियांना जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाठवले. कारण व्यवहारी होते. धडधाकट तरुण पुरुष रस्त्यावर दिसला की त्याला अडवून सक्तीच्या मजुरीसाठी नेले जाई. सायकलवरून टोपली घेऊन जाणाऱ्या बाईला तेवढा धोका नसे. निरोप पोहोचवणे आणि बिनतारी संदेश पाठवणे ही त्यांची मुख्य कामे, आणि बिनतारी यंत्र चालवणाऱ्याचे आयुष्य त्या काळात आठवड्यांत मोजले जाई.

यांपैकी नूर इनायत खान हिचा संबंध थेट बडोद्याच्या मराठी दरबाराशी पोहोचतो. तिचे वडील, सूफी संगीतकार हजरत इनायत खान, बडोद्यात जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तेथे संगीताची शाळा चालवणारे नामवंत गायक. आणि मौलाबक्ष यांच्या पत्नीकडून हे घराणे टिपू सुलतानाशी नाते सांगते. १९१४ मध्ये मॉस्कोत जन्मलेली, पॅरिसमध्ये वाढलेली, जातककथा मुलांसाठी इंग्रजीत सांगणारी नूर जून १९४३ मध्ये फ्रान्समध्ये उतरली. बिनतारी संदेशक म्हणून तिथे पाठवलेली ती पहिली स्त्री. सहकारी एकामागून एक पकडले जात असताना परत येण्याची संधी तिने नाकारली आणि काही महिने ती यंत्र घेऊन पॅरिसभर जागा बदलत राहिली. सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाउच्या छळछावणीत तिला ठार करण्यात आले. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. ओडेट सॅन्सम आणि व्हायोलेट साबो या तिच्या सहकारी स्त्रियांवर १९५० च्या दशकात चरित्रपट निघाले. पण चरित्र आणि कादंबरी यांच्या वाटा वेगळ्याच राहिल्या. या स्त्रियांवर चित्रपट निघत असतानाच्या दशकात काल्पनिक हेरकथा उलट दिशेने निघाली होती.

त्या दिशेचे नाव जेम्स बाँड. इयन फ्लेमिंग यांची ‘कसिनो रॉयाल’ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. कामगिरीवर बाई सोबत दिली म्हणून बाँड सुरुवातीला चिडतो. व्हेस्पर लिंड मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक जाणून असते. पोलिश प्रियकराच्या जिवाची धमकी देऊन सोव्हिएत यंत्रणेने तिला दुहेरी हेर केलेले असते. सगळी माहिती तिच्याकडे आहे, पण कादंबरी बाँडच्या नजरेतून चालते. त्यामुळे तिचे सारे ज्ञान वाचकाला कळते ते आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या पत्रातून. मृत झाल्यावरच बोलण्याची मुभा मिळालेली ही स्त्री पुढच्या अनेक नायिकांची पूर्वज आहे.

फ्लेमिंग यांना याहून वेगळे जमत नव्हते असे नाही. ‘मूनरेकर’मधील (१९५५) गाला ब्रँड ही पोलिसांच्या स्पेशल ब्रँचची अधिकारी, खलनायकाच्या कचेरीत सचिव म्हणून पेरलेली. क्षेपणास्त्र लंडनवर पडणार हे तिच्या आकडेमोडीतून उघड होते आणि ते समुद्राकडे वळवायला लागणारे आकडेही तिच्याकडेच असतात. शेवटी बाँड तिला फिरायला नेण्याचे बेत करत असतो, तेव्हा ती सांगते की तिचे लग्न ठरले आहे, आणि निघून जाते. बाँड-मालिकेतील ही सर्वांत कर्तबगार स्त्री असावी. चित्रपटांत तिला कधीच जागा मिळाली नाही. १९७९ च्या ‘मूनरेकर’मध्येही तिच्याऐवजी दुसरेच पात्र आहे. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९६२) ही कादंबरी तर फ्लेमिंग यांनी व्हिव्हियन मिशेल या तरुणीच्या तोंडून सांगितली आणि बाँडला शेवटच्या तिसऱ्या भागात आणले. समीक्षक तुटून पडले. फ्लेमिंग इतके खट्टू झाले की आपल्या हयातीत तिची स्वस्त आवृत्ती निघू नये असे त्यांनी सांगितले आणि चित्रपटासाठी केवळ नाव वापरण्याची परवानगी दिली. प्रयोग फसला यात शंका नाही, कारण व्हिव्हियनच्या आवाजाआडून फ्लेमिंग यांचेच आवडते गैरसमज बोलत राहतात. तरी प्रयत्न झाला होता. पुढच्या काळावर ठसा उमटला तो १९६२ पासून सुरू झालेल्या चित्रपटांचा. त्यांत स्त्री हे बहुतांशी दृश्य असते. तिला माहीत असलेली गोष्ट बाँडने एका रात्रीत काढून घ्यायची असते.

त्याच दशकात दोन लोकप्रिय अपवाद घडले. पीटर ओडॉनेल यांची मॉडेस्टी ब्लेझ १९६३ मध्ये लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये चित्रपट्टीतून अवतरली. गुन्हेगारी टोळीची निवृत्त प्रमुख असलेली ही स्त्री स्वतः ठरवून सरकारी कामगिऱ्या घेते. विली गार्व्हिन हा तिचा जिवलग सहकारी तिला वरिष्ठ मानतो, आणि लेखकाने त्या दोघांत प्रेमप्रकरण घडू दिले नाही. अमेरिकेत डोरोथी गिलमन यांनी १९६६ मध्ये मिसेस पोलिफॅक्स आणली : साठीतली विधवा, मुले मोठी झालेली, बागकाम मंडळाला कंटाळलेली, जी सरळ सीआयएच्या कचेरीत जाऊन काम मागते. आपण काय वाहून नेतो आहोत हे तिला सांगितले जात नाही; ते ती स्वतःच ओळखते. ही मालिका २००० पर्यंत चौदा कादंबऱ्यांची झाली. समीक्षकांनी तिला फारसे गंभीरपणे घेतले नाही, पण कौटिल्याने तिला नक्कीच नोकरी दिली असती.

जॉन ल कारे यांनी बाँडच्या झगमगाटाविरुद्ध राखाडी, थकलेल्या हेरांचे जग रंगवले. स्त्रियांच्या बाबतीत मात्र त्यांचा हिशेब गुंतागुंतीचा आहे. ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’मधील (१९६३) लिझ गोल्ड ही ग्रंथालयात काम करणारी साधी, कम्युनिस्ट विचारांची मुलगी. तिचे आणि नायक लीमसचे प्रेम खरे असते. ब्रिटिश खाते तिला तिच्या नकळत पूर्व जर्मनीतील चौकशीपर्यंत पोहोचू देते, कारण ती खरे बोलणार याची त्यांना खात्री असते. तिच्या प्रामाणिक साक्षीने लीमसची बाजू ढासळते, आणि खात्याला नेमके तेच हवे असते. लिझला काही ठाऊक नाही हा कथेचा दोष नव्हे; तिचे अज्ञान हाच खात्याने रचलेला डाव आहे. मॉम यांच्या जुलियाच्या पुढे टाकलेले हे पाऊल आहे, कारण इथे वाचकाचा राग नेमका योग्य ठिकाणी, खात्यावर जातो. तरीही एक बाब खटकते : तिच्या निरागसतेला लेखकाने इतके जपले आहे की ती माणसापेक्षा कसोटीचा दगड वाटू लागते.

‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’मध्ये (१९७४) ही त्रुटी अंशतः भरून निघते. नायक स्मायली याची पत्नी ॲन कादंबरीभर जवळजवळ गैरहजर असते. तिचे प्रेमप्रकरण शत्रूने स्मायलीची नजर गढूळ करण्यासाठी वापरलेले असते, म्हणजे पुन्हा साधनच. पण त्याच कादंबरीत कॉनी सॅक्स आहे. संधिवाताने जखडलेली, दारू जवळ करणारी, ऑक्सफर्डला एकटी राहणारी ही निवृत्त संशोधक खात्याची चालतीबोलती स्मरणशक्ती आहे. सोव्हिएत वकिलातीतील पॉल्याकोव्ह हा साधा सांस्कृतिक अधिकारी नसून मुरलेला सैनिक आहे, हे तिने जुन्या छायाचित्रांवरून ताडले होते. तसे तिने वरिष्ठांना सांगितले तेव्हा तिलाच घरी बसवण्यात आले. स्मायलीला घरभेद्याचा माग काढायचा असतो तेव्हा तो आधी तिच्याकडे जातो. एमआय५ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेतील मिलिसंट बॅगट या सोव्हिएत विषयाच्या जाणकार अधिकारी स्त्रीवर हे पात्र बेतले असल्याचे मानले जाते. कॉनी दोनतीन प्रकरणांपुरतीच येते. वाचकाच्या डोक्यातून मात्र जात नाही.

‘द लिटल ड्रमर गर्ल’मध्ये (१९८३) ल कारे यांनी अखेर स्त्रीला केंद्रस्थानी आणले. चार्ली ही इंग्रज अभिनेत्री. तिची प्रेरणा लेखकाची सावत्र बहीण, अभिनेत्री शार्लट कॉर्नवेल. इस्रायली गुप्तचर तिला एका पॅलेस्टिनी तरुणाच्या प्रेयसीची भूमिका शिकवतात आणि बॉम्ब घडवणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पाठवतात. मोहिनी ही एक तालीम करून बसवलेली भूमिका आहे, तिच्यामागे दिग्दर्शक आहेत, संहिता आहे आणि नटीला तिची किंमत मोजावी लागते, हे इथे शंभरेक पानांच्या प्रशिक्षणातून दिसते. चार्लीला दोन्ही बाजूंचे दुःख कळू लागते आणि त्या कळण्यानेच ती मोडते.

माहितीच्या कसोटीवर सर्वांत धाडसी रचना लेन डेटन यांची आहे. ‘बर्लिन गेम’ (१९८३) पासून बर्नार्ड सॅमसन हा मुरलेला, खवचट हेर स्वतःची गोष्ट सांगतो. पहिल्याच खंडाच्या शेवटी खात्यातील फितूर म्हणजे त्याचीच पत्नी आणि सहकारी फिओना असल्याचे उघड होते आणि ती पूर्व जर्मनीकडे जाते. पुढचे चार खंड वाचक बर्नार्डच्या बाजूने हळहळतो. सहाव्या ‘स्पाय सिंकर’मध्ये (१९९०) डेटन निवेदकच बदलतात. तृतीयपुरुषी निवेदनातून तीच वर्षे पुन्हा सांगितली जातात आणि फिओनाची फितुरी हा ब्रिटिशांनी कित्येक वर्षे आखलेला डाव कसा होता, हे उलगडते. नवरा, मुले, प्रतिष्ठा यांवर पाणी सोडून ती शत्रूच्या गोटात बसली होती. पाच खंडभर सर्वज्ञ वाटलेला पुरुष सर्वांत कमी जाणणारा ठरतो. व्हेस्परला पत्रातून जे एका पानात सांगावे लागले, त्यासाठी फिओनाला अख्खी कादंबरी मिळाली.

१९९० च्या दशकात बाहेरचे जग कथेत शिरले. स्टेला रिमिंग्टन १९९२ मध्ये एमआय५ च्या पहिल्या स्त्री महासंचालक झाल्या. १९९५ च्या ‘गोल्डनआय’मध्ये जूडी डेंच बाँडच्या वरिष्ठ, ‘एम’, म्हणून आल्या आणि पहिल्याच भेटीत त्यांनी बाँडला त्याच्या जुनाट पुरुषीपणाबद्दल फटकारले. ‘स्कायफॉल’पर्यंत (२०१२) त्या पदावर राहिल्या. बाँड खऱ्या जगात ज्या एमआय६ चा नोकर ठरतो, त्या संस्थेला पहिली स्त्री प्रमुख, ब्लेझ मेट्रेवेली, मिळायला २०२५ उजाडले. इथे निदान एकदा चित्रपट तीस वर्षे पुढे होता. रिमिंग्टन यांनी निवृत्तीनंतर स्वतः कादंबऱ्या लिहिल्या. ‘ॲट रिस्क’ (२००४) मधील लिझ कार्लाइल अहवाल वाचते, बैठकांना जाते आणि सहकाऱ्यांच्या मत्सराला तोंड देते. कथानके बेताची आहेत. कचेरी मात्र अस्सल वाटते.

१९९९ मध्ये लंडनच्या उपनगरातील ८७ वर्षांच्या मेलिटा नॉरवुड यांनी अनेक दशके सोव्हिएत संघाला माहिती पुरवल्याचे उघड झाले. त्या एका धातू-संशोधन संस्थेत सचिव होत्या आणि अणुसंशोधनाशी संबंधित कागद त्यांच्या हातून जात. त्यांच्यावर फारसा संशय घेतला गेला नाही, कारण टंकलेखन करणारी बाई मजकूर समजून घेते असे सहसा कोणाच्या मनात येत नसे. जेनी रूनी यांची ‘रेड जोन’ (२०१३) या प्रकरणावरून सुचली. तिच्यावरील चित्रपटात वृद्ध जोन साकारली ती पूर्वीच्या ‘एम’नेच, जूडी डेंच यांनी. टंकलेखिकेची हीच जागा केट ॲटकिन्सन यांनी ‘ट्रान्सक्रिप्शन’मध्ये (२०१८) निवडली. जूलिएट ही अठरा वर्षांची मुलगी १९४० मध्ये भिंतीपलीकडच्या फॅसिस्ट सहानुभूतिदारांची बोलणी टंकित करते. तिच्याकडे सारी माहिती येते, आणि तिने त्यातली किती कोणाला दिली, हे वाचकाला शेवटपर्यंत कळू दिलेले नाही. विल्यम बॉइड यांच्या ‘रेस्टलेस’मध्ये (२००६) मुलगी आपल्या आईचे हेरगिरीचे आयुष्य तिनेच लिहिलेल्या आठवणींतून वाचते. या लाटेतील बहुतेक कादंबऱ्या दुसऱ्या महायुद्धाकडे मागे वळून पाहतात आणि सत्तर वर्षांची थकबाकी चुकवतात.

पडद्यावर नुसती अदलाबदलही झाली. ‘सॉल्ट’ (२०१०) चित्रपटातील भूमिका मुळात पुरुषासाठी लिहिलेली होती. अँजेलिना जोली आल्यावर नाव आणि काही प्रसंग बदलले. ती धावते, उड्या मारते, पण बाकी फारसे नवे घडत नाही. ‘द नाइट मॅनेजर’च्या २०१६ च्या मालिकेत केलेली अदलाबदल जास्त फलदायी ठरली. ल कारे यांच्या कादंबरीतील लेनर्ड बर हा अधिकारी मालिकेत अँजेला बर झाला, आणि ऑलिव्हिया कोलमन त्या वेळी खरोखरच गरोदर असल्याने ती अवस्थाही पात्राला मिळाली. ‘द अमेरिकन्स’मध्ये (२०१३–२०१८) सोव्हिएत दांपत्यापैकी विचारसरणीला घट्ट चिकटून राहते ती बायको, आणि अमेरिकन सुखसोयींचा मोह पडतो नवऱ्याला. त्या मालिकेची प्रेरणा २०१० मध्ये अमेरिकेत पकडलेले दहा रशियन हेर. त्या दहांतील एकाच लाल केसांच्या तरुणीची छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांनी महिनाभर छापली. माताहारीची सवय बातमीदारांना कादंबरीकारांपेक्षा जास्त जडलेली दिसते.

भारतीय पडद्यावर हेरनायक १९६० च्या दशकात बाँडच्या पावलावर पाऊल ठेवून आला. रामानंद सागर यांच्या ‘आँखें’मध्ये (१९६८) माला सिन्हाची नायिका हेरगिरीत सामील असली तरी गाण्यांचा भार तिच्यावरच जास्त. ‘एक था टायगर’ने (२०१२) पाकिस्तानी हेर झोयाला बरोबरीचे हात-पाय दिले. चित्रण खऱ्या अर्थाने बदलले ते मेघना गुलजार यांच्या ‘राझी’मध्ये (२०१८). हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ (२००८) या कादंबरीवरील या चित्रपटात काश्मिरी तरुणी १९७१ च्या युद्धापूर्वी पाकिस्तानी लष्करी कुटुंबात सून म्हणून जाते. स्वयंपाकघर, दिवाणखाना, लष्करी मुलांच्या शाळेतील गाणे, ही तिची कामाची ठिकाणे. घरातल्या सुनेला सगळे ऐकू येते आणि तिच्यासमोर सगळे बोलले जाते, ही भारतीय घराची रीत इथे हेरगिरीचे यंत्र बनते. सासरचे लोक चांगले असल्याने तिची कामगिरी तिला आतून पोखरत जाते, आणि शेवटी ज्या खात्यासाठी केले त्याच्याकडेही ती परक्या नजरेने पाहते. विशाल भारद्वाज यांच्या ‘खुफिया’मध्ये (२०२३) तब्बूने रंगवलेली ‘रॉ’ची अधिकारी आणि संशयित फितुराची पत्नी, दोघी आपापल्या कारणांनी एकाच माणसाच्या मागावर निघतात.

सध्या इंग्रजीत सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या हेरमालिकांपैकी मिक हेरन यांची मालिका ‘स्लो हॉर्सेस’ (२०१०) पासून सुरू होते. तिच्यात या साऱ्या जुन्या जागा नव्याने भरलेल्या दिसतात. कॅथरीन स्टँडिश ही एके काळी एमआय५ प्रमुखाची सचिव. दारूतून सावरलेली ही बाई तिच्या जुन्या वरिष्ठाच्या मृत्यूमागचे सत्य सुरुवातीला जाणत नाही, आणि ते जाणणाऱ्या माणसाच्याच हाताखाली काम करते. लिझ गोल्डसारखे तिलाही अंधारात ठेवलेले आहे, पण इथे वाचक तिच्या बरोबरीने वर्षानुवर्षे चालतो. दुसरीकडे डायना टॅव्हर्नर, खात्यातील वरिष्ठ अधिकारी : हुशार, निर्दय, खोटे बोलण्यात वाकबगार. तिच्या वाईटपणाला लेखकाने सौंदर्याचे, प्रेमभंगाचे किंवा ब्लॅकमेलचे कारण जोडलेले नाही. तिला वरची खुर्ची हवी आहे आणि त्यासाठी ती फायली दडवते, सहकाऱ्यांना पुढे करून मारते आणि मंत्र्यांना खेळवते. ल कारे यांच्या कादंबऱ्यांत हेच सारे करणाऱ्या पुरुष अधिकाऱ्यांची संख्या मोजायची झाली तर हाताची बोटे पुरणार नाहीत.